गाळण्याचा अधिकार

प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या प्राथमिक पुस्तकांत एक स्वाध्याय हमखास सापडतो. दिलेला शब्द उलटीकडूनही तसाच वाचता येतो का, हे संगणकाला ओळखायला लावायचे. इंग्रजीत त्यासाठी 'मॅडम', 'लेव्हल' असे शब्द दिलेले असतात. मराठी मुलाला या खेळाची ओळख करून द्यावी लागत नाही. 'रामाला भाला मारा' त्याला कधीचे पाठ असते. म्हणून ते पुस्तकातला प्रोग्रॅम जसाच्या तसा उतरवते आणि इंग्रजी शब्दांच्या जागी आपले शब्द टाकून पाहते. 'नयन' टाकला की उत्तर येते, होय. 'कनक', होय. 'काका', नाही. 'मामा', नाही. 'नवजीवन', नाही. आणि 'रामाला भाला मारा' तर नाहीच नाही.

प्रोग्रॅम चुकलेला नसतो आणि यंत्रही बिघडलेले नसते. घोटाळा असतो तो 'अक्षर' कशाला म्हणायचे याचा. मुलाच्या लेखी 'काका' दोन अक्षरांचा शब्द आहे. यंत्राच्या लेखी तो चार चिन्हांचा आहे: क, काना, क, काना. उलटा केला की शब्दाची सुरुवातच कान्याने होते. 'नमस्ते'मध्ये मूल तीन अक्षरे मोजते, यंत्र सहा मोजते. 'स'चा पाय मोडल्याची खूणसुद्धा ते वेगळी धरते. 'नयन' आणि 'कनक' उत्तीर्ण होतात ते केवळ त्यांच्यात काना, मात्रा, वेलांटी काहीच नाही म्हणून.

यामागे कोणाचा दुष्टावा नाही. भारतीय भाषांसाठी 'इस्की' ही संकेतप्रणाली भारतातच तयार झाली, १९९१ मध्ये ती राष्ट्रीय मानक ठरली, आणि युनिकोडने देवनागरीची मांडणी केली ती इस्कीच्याच धर्तीवर. व्यंजने वेगळी, स्वरचिन्हे वेगळी, असा हिशेब ठेवला तर थोड्या चिन्हांत सगळे लिहिता येते. प्रत्येक जोडाक्षराला स्वतंत्र क्रमांक द्यायचा तर हजारो क्रमांक लागले असते. वाचणाऱ्याला जे एक अक्षर वाटते ते यंत्रालाही एक धरायला लावता येते, त्यासाठी निराळी नियमावली आहे. पण आपली जोडाक्षरे एकसंध मानावीत हा नियम युनिकोडच्या त्या नियमावलीत आला तो २०२३ साली.

आता त्या मुलाने यातून काय घ्यावे? एक धडा असा की आपली भाषा या कामाची नाही, असले स्वाध्याय इंग्रजीतच करावेत. दुसरा धडा असा की अक्षर म्हणजे काय हे कोणीतरी, काही कारणाने, कधीतरी ठरवले आहे, आणि ते वेगळ्या तऱ्हेनेही ठरवता येते. प्रोग्रॅम दोन्ही वेळी तोच असतो. शिकणे मात्र एक नाही. मुलांना संगणकीय विचार शिकवावा की नाही, या नेहमीच्या वादापेक्षा मला या दोन धड्यांमधला फरक जास्त महत्त्वाचा वाटतो.

'संगणकीय विचार' हा शब्दप्रयोग आज शिक्षणखात्यांच्या तोंडी झाला आहे, तो मुख्यतः जॅनेट विंग यांच्या २००६ सालच्या एका छोट्या लेखामुळे. लिहिणे, वाचणे आणि हिशेब यांच्या जोडीला प्रत्येक मुलाला ही विचारपद्धतीही यावी, असे त्यांचे म्हणणे होते. इंग्लंडने २०१४ मध्ये शाळेतला संगणकाचा विषयच त्या दिशेने बदलला. आपल्या २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात संगणकीय विचाराला सुरुवातीच्या इयत्तांपासून आणि कोडिंगला मधल्या टप्प्यापासून जागा आहे. शिकवताना या विचाराची साधारण चार अंगे सांगतात: मोठ्या प्रश्नाचे तुकडे पाडणे, त्यांतले सारखेपण हेरणे, अनावश्यक ते गाळून नेमके तेवढे उरवणे, आणि मग पायरीपायरीने कृती लिहिणे.

यातल्या तिसऱ्या अंगाशी माझा रोजचा संबंध येतो. मी अनुवादक आहे, आणि अनुवाद हे बऱ्याच अंशी गाळण्याचे काम आहे. मराठीतल्या तू, तुम्ही आणि आपण या तीन पायऱ्या इंग्रजीत नेताना एकाच शब्दावर येतात; कोणी कोणाला अहो म्हटले आणि कोणी अगं, हे दुसऱ्या वाटेने सुचवावे लागते, किंवा सोडून द्यावे लागते. सोडल्याशिवाय पुढचे वाक्य लिहिताच येत नाही. त्यामुळे गाळणे हेच पाप आहे असे मी म्हणणार नाही. नकाशात प्रत्येक झाड दाखवायचे ठरवले तर तो नकाशा राहत नाही. प्रश्न इतकाच की 'अनावश्यक' हे विशेषण कोणी लावले, आणि ज्याला लावले त्याला विचारले होते का.

अल्गोरिदम हा शब्दच मुळी अनुवादाच्या वाटेवर घडलेला आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने भारतीय अंकांनी गणित कसे करायचे यावर पुस्तक लिहिले. ते अरबी पुस्तक आज उपलब्ध नाही. उरले आहेत ते बाराव्या शतकापासूनचे लॅटिन अवतार. त्यांत लेखकाच्या नावाचे लॅटिन रूप झाले आणि पुढे ते नावच पद्धतीचे नाव बनले. ख्वारिझ्म हा मध्य आशियातला प्रदेश. म्हणजे गाव गेले, माणूस गेला, मूळ पुस्तक गेले, आणि पद्धत उरली. पद्धतीचा गुणच असा आहे की ती माणसाशिवाय प्रवास करू शकते. तिची अडचणही तीच आहे.

मुलांसाठी प्रोग्रॅमिंगचा विचार फार आधी करणाऱ्यांमध्ये सेमूर पॅपर्ट होते. पियाजे यांच्याबरोबर जिनिव्हात काम करून ते अमेरिकेत गेले, आणि १९६७ मध्ये सहकाऱ्यांबरोबर त्यांनी 'लोगो' ही मुलांची भाषा तयार केली. तिच्यात एक कासव असते. इतके पुढे जा, इतके उजवीकडे वळ, असे सांगितले की ते रेघ काढत जाते. चौरस काढायचा असेल तर मूल आधी स्वतः उठून खोलीत चौरस चालून पाहते आणि मग कासवाला सांगते. संगणकाने मुलाला चालवण्याऐवजी मुलाने संगणकाला चालवावे, हा पॅपर्ट यांचा आग्रह होता. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे चुकीकडे पाहण्याची त्यांची दृष्टी. कासव भलतीकडे गेले तर ते पाप नाही, गुण कापण्याचे निमित्तही नाही. कुठे काय सांगायचे राहिले ते शोधायचे आणि पुन्हा चालवून बघायचे. लाल शाईला घाबरत वाढलेल्या आपल्या मुलांसाठी एवढे एकच कारण प्रोग्रॅमिंग शिकवायला पुरेसे आहे.

आणखीही एक गोष्ट त्याच्या बाजूने बोलली पाहिजे. माणसे एकमेकांना काही सांगतात तेव्हा ऐकणारा बरेच पदरचे घालतो. 'जरा मीठ बघ' म्हटले की सांगायचे काय आहे ते स्वयंपाकघरातल्या माणसाला कळते. पण हे समजून घेणे सगळ्यांच्या वाट्याला सारखे येत नाही. खिडकीतला कारकून ओळखीच्या माणसाचा अर्धवट अर्ज समजून घेतो, आणि ज्याची ओळख नाही त्याला नियम दाखवतो. यंत्र कोणाचेच समजून घेत नाही. ते आडनाव पाहून आवाज बदलत नाही, चहापाणी मागत नाही. ज्यांनी कारकुनाची मर्जी पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे त्यांना यंत्राच्या कोरडेपणात न्याय दिसला तर नवल नाही. यंत्राला नावे ठेवणाऱ्या आम्हा साहित्यातल्या लोकांना बहुधा ती मर्जी अनुकूल असते, हेही लक्षात ठेवावे.

मात्र ही निष्पक्षता सुरू होते ती चौकटी आखून झाल्यानंतर. चौकटी माणूसच आखतो.

मी हैदराबादला राहते. माझी एक मैत्रीण रविवारी एका वाचनालयात मुलांना फुकट प्रोग्रॅमिंग शिकवते, आणि भाषेची मदत म्हणून मी अधूनमधून जाते. एकदा तिने मुलांना वाचनालयाची सभासदनोंद तयार करायला सांगितली. पहिलाच प्रश्न: नावासाठी किती चौकोन? मराठी मुलगा म्हणाला, तीन. स्वतःचे, वडिलांचे, आडनाव. तेलुगू मुलाचे घराण्याचे नाव सुरुवातीला येते, त्याला 'आडनाव' शेवटी हे पटेना. तमिळ मुलीच्या नावाआधी वडिलांच्या नावाचे एक अक्षर, आणि आडनाव नाहीच. एका मुलाच्या घरी प्रत्येकाचे नाव स्वतंत्र, बापलेकांत सामाईक शब्दच नाही. आणि एक मुलगी आईबरोबर राहणारी. 'वडिलांचे नाव' या चौकोनापाशी ती गप्प बसली.

तो चौकोन रिकामा ठेवू नये असा नियम प्रोग्रॅममध्ये लिहिणे एका ओळीचे काम आहे. मुलांनी तो लिहिलाही होता, कारण पुस्तकात रिकाम्या चौकोनाला चूक म्हटले होते. त्या दिवशी पुढे एकही ओळ लिहून झाली नाही. तासभर भांडणे झाली आणि शेवटी दोन चौकोन उरले: तुझे नाव तू सांगशील तसे, आणि आम्ही तुला काय म्हणून हाक मारू.

मुलांना ठाऊक नव्हते, पण त्या रिकाम्या चौकोनांमागे इतिहास उभा होता. तमिळ प्रदेशात स्वाभिमान चळवळीने १९२९ च्या चेंगलपट्टू परिषदेत नावापुढची जातिवाचक उपपदे टाकून देण्याचे आवाहन केले. कोणी विचारपूर्वक टाकून दिलेली गोष्ट आज अर्जाच्या लेखी 'राहून गेलेली' ठरते. पासपोर्टवर एकच नाव असलेल्या भारतीयाला अमेरिकेचा व्हिसा मिळतो तेव्हा पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' अशी अक्षरे छापून येतात, म्हणजे पहिले नाव अज्ञात. तो माणूस समोर उभा राहून नाव सांगत असतो. उलट, महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत वडिलांच्या आधी आईचे नाव येऊ लागले, ते एका चौकोनाची भर घालूनच. चौकोन वाढवता येतो. त्यासाठी आधी तो कोणीतरी आखला होता हे दिसावे लागते.

इथे अनुवादकाची आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची वाट वेगळी होते. माझ्या अनुवादात काही चुकले तर मूळ पुस्तक कपाटात असते. उद्या दुसरा कोणी ते उघडेल, माझा दोष दाखवेल, नवा अनुवाद करेल. मूळ आणि अनुवाद यांत तफावत निघाली तर अनुवाद दुरुस्त करायचा, याबद्दल कोणाचे दुमत नसते. माणसाची नोंद हाही त्याचा अनुवादच असतो: नाव, जन्मतारीख, बोटांचे ठसे, शिल्लक रक्कम. पण इथे तफावत निघाली की बहुतेक वेळा नोंद खरी धरतात आणि माणसाला दुरुस्त होऊन यायला सांगतात. आयुष्यभर माती आणि भांडी उपसून बोटांच्या रेषा पुसट झालेली बाई रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा ठेवते आणि जुळत नाही असे उत्तर येते, तेव्हा मूळ संहिता दुकानाच्या दारात उभी असते आणि सगळे अनुवादाकडे बघत असतात.

ब्रिटनमध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर घडले. तिथल्या पोस्ट ऑफिसने १९९९ पासून 'होरायझन' ही हिशेबाची संगणकप्रणाली आणली. ती कित्येक शाखांच्या हिशेबात नसलेली तूट दाखवू लागली. शाखा चालवणारे सामान्य दुकानदार, गावातली वर्षानुवर्षांची विश्वासाची माणसे, सांगत राहिली की आम्ही पैसे घेतलेले नाहीत. २०१५ पर्यंत नऊशेहून अधिक जणांना चोरी, अफरातफर, खोटा हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवण्यात आले. काही तुरुंगात गेले, काहींची घरे गेली, काहींनी जीव दिला. २०१९ मध्ये न्यायालयाने प्रणालीतले दोष मान्य केले आणि २०२४ मध्ये कायदाच करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या. या सगळ्या काळात इंग्लंडमध्ये, उलट पुरावा पुढे येईपर्यंत संगणक बरोबर चालतो आहे असे न्यायालयाने धरून चालावे, असे गृहीतक होते. माणसाच्या बाजूने असलेले निर्दोषत्वाचे गृहीतक त्यापुढे फिके पडले.

या प्रकरणात सदोष प्रोग्रॅम होता हे खरेच. पण दोष प्रत्येक प्रोग्रॅममध्ये असतात. पॅपर्ट यांचे कासव रोज भलतीकडे जाते. वर्गातले मूल रेघ वाकडी गेली की आपल्या आज्ञा तपासते. पोस्ट ऑफिसने आज्ञा तपासण्याऐवजी माणसे तपासली. दहा वर्षांच्या मुलाला जे पहिल्या आठवड्यात कळते ते एवढ्या मोठ्या संस्थेला वीस वर्षे कळले नाही, याचे कारण बुद्धी कमी पडली असे म्हणता येणार नाही. मुलाला चूक शोधण्यात कमीपणा वाटत नाही आणि चूक सापडली म्हणून त्याला भरपाई द्यावी लागत नाही.

आपल्याकडे आधारच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने २०१८ मध्ये ती योजना काही अटींसह वैध ठरवली. न्यायमूर्ती चंद्रचूड यांचे मत वेगळे होते. व्यक्तीची प्रतिष्ठा आणि हक्क अल्गोरिदमवर किंवा संभाव्यतेवर अवलंबून ठेवता येणार नाहीत, असे त्यांनी लिहिले. निकालाच्या गुणदोषांबद्दल वाचकांची मते वेगवेगळी असतील. मला इथे एवढेच म्हणायचे आहे की हा कायद्याचा प्रश्न आहे तसाच शिक्षणाचाही आहे. ज्या मुलांना आपण आज चौकोन आखायला शिकवतो आहोत त्यांच्यातलीच काही उद्या रेशनच्या याद्या, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि पेन्शनचे हिशेब यांचे प्रोग्रॅम लिहिणार आहेत.

जोसेफ वायझेनबाउम यांनी हे फार आधी पाहिले होते. लहानपणी नाझी जर्मनीतून कुटुंबाबरोबर बाहेर पडलेला हा माणूस पुढे अमेरिकेत संगणकशास्त्राचा प्राध्यापक झाला, आणि १९६६ मध्ये त्यांनी माणसाशी संभाषण केल्याचा भास निर्माण करणारा 'एलायझा' हा प्रोग्रॅम लिहिला. लोक त्या प्रोग्रॅमजवळ मन मोकळे करू लागले तेव्हा ते धास्तावले. १९७६ च्या पुस्तकात त्यांनी म्हटले की यंत्राला एखादे काम जमते का हा एक प्रश्न, आणि ते यंत्राकडे द्यावे का हा वेगळा प्रश्न. आणखी एक निरीक्षण त्यांनी केले: प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हाती जशी निरंकुश सत्ता असते तशी कोणत्याही सम्राटाच्या हाती कधी नव्हती, कारण त्याच्या जगात आज्ञा मोडणारा कोणी नसतो.

इथेच या शिक्षणाचा नैतिक गाभा आहे असे मला वाटते. माणसाला दिलेली आज्ञा पुरती आंधळी कधीच नसते. शिपाई कुरकुरतो, कारकून विसरतो, सैनिक क्वचित बंदूक खाली ठेवतो; आज्ञेतला अन्याय थोडासा ऐकणाऱ्याच्या विवेकात अडकतो. यंत्र असे काही अडवत नाही. जबाबदारी वाटून घ्यायला समोर कोणीच नसल्यामुळे ती सगळी लिहिणाऱ्याकडे परत येते. पण व्यवहारात दिसते ते उलटच. 'सिस्टम घेत नाही' हे वाक्य आपण सगळ्यांनी खिडकीपलीकडून ऐकले आहे. त्यात कर्ता सिस्टम असतो आणि माणूस कुठेच नसतो. हे व्याकरण जिथे शिकले जाते त्या जागांपैकी एक आता शाळेचा वर्ग आहे.

म्हणून वर्गात काय करावे? फार मोठे काही नाही. मुलाने प्रोग्रॅम पूर्ण केला की वहीत दोन प्रश्नांची उत्तरे मराठीत, तेलुगूत, ज्या भाषेत ते भांडते त्या भाषेत लिहावीत. मी यात काय गाळले? आणि ज्याचे गाळले गेले तो माझ्याकडे कसा येईल? दुसरा प्रश्न सहसा सुटून जातो. गाळण्याला उपाय नाही, पण गाळलेल्याला दार ठेवता येते: 'वरीलपैकी काही नाही' असा पर्याय, रिकामा सोडता येणारा चौकोन, अंगठा न जुळल्यास ओळख पटवण्याची दुसरी वाट, आणि 'हे चुकले आहे' असे सांगितल्यावर ऐकून घेणारा, निर्णय बदलण्याचा अधिकार असलेला माणूस. हे सगळे प्रोग्रॅमच्या आतच लिहिता येते. ते कोडिंगमधले सोपे भाग आहेत. लिहायचे राहतात ते आठवण न झाल्यामुळे.

यासाठी संगणकाची गरजही लागत नाही. न्यूझीलंडमधल्या काही शिक्षकांनी पत्ते, दोऱ्या आणि खडूच्या रेघा घेऊन संगणकाविना संगणकशास्त्र शिकवण्याची पद्धत कधीच रूढ केली आहे. जिथे तीस मुलांत एक संगणक आहे, किंवा एकही नाही, तिथेही वर्गाची यादी कोणत्या क्रमाने लावायची आणि त्या क्रमात कोण नेहमी शेवटी राहते, हे विचारता येईल.

आता कोणी म्हणेल की यंत्रेच प्रोग्रॅम लिहू लागली आहेत, मुलांनी कशाला शिकायचे. आज्ञा पायरीपायरीने मांडण्याचे काम यंत्राकडे जाईलही. मागे उरेल ते काय मागायचे, काय सोडायचे आणि सोडलेल्याबद्दल कोणी उत्तर द्यायचे, एवढेच. ते तर पहिल्यापासून माणसाचेच काम होते.

यात अडचण एकच आहे, आणि ती लहान नाही. प्रोग्रॅम बरोबर चालतो की नाही हे तपासणे सोपे आहे. उत्तर जुळले की पूर्ण गुण. 'मी काय गाळले' या प्रश्नाची उत्तरपत्रिका शिक्षकापाशी नसते. तिथे शिक्षकाला मुलाबरोबर बसून विचार करावा लागतो, आणि कधी मुलगी गप्प का बसली हे ओळखावे लागते. ज्याला गुण देता येत नाहीत ते आपल्या अभ्यासक्रमांतून सर्वांत आधी गळते. तेव्हा हा विषय शिकवायचे ठरवणाऱ्यांनाही तोच पहिला प्रश्न विचारला पाहिजे.